बेल टेंटमधल्या तीन रात्री : सोयी आणि गैरसोयी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या सत्रात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेऊन वक्त्यांनी ते पुन्हा एकदा नजरेखालून घातले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पहिल्यांदा एक खुलासा करतो. मी वक्ता नाही. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे मला मोजमाप येतं, भाषण येत नाही. पण गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडला जाऊन आलो आणि आल्यावर खाली बाकावर बसून चार जणांना तंबूची गोष्ट सांगितली. ती कमिटीपर्यंत पोचली, आणि सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “काका, हेच माइकवर सांगा.” म्हणून उभा आहे. वीस मिनिटं दिली आहेत. पंचविसाव्या मिनिटाला मसाला दूध येणार आहे, तेव्हा मला कोणी थांबवायची गरज पडणार नाही.

तर मुलगा-सून मँचेस्टरला असतात. नात सहा वर्षांची. ऑगस्टमध्ये तिकडे शाळांना सुट्टी. मुलगा म्हणाला, “बाबा, आपण तीन रात्री कँपिंगला जाऊ. लेक डिस्ट्रिक्टमध्ये.” मी म्हटलं, हॉटेलात राहू या की. तर म्हणे, “नाही, बेल टेंट आणलाय मित्राकडून.” मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघितलं. माझं वय एकाहत्तर, हिचं अडुसष्ट. चार गुडघे, त्यातले तीन दुखरे. पण नात नाचायला लागली, आणि मग विषयच संपला.

मँचेस्टरहून गाडीने दोन-अडीच तासांवर केझिक नावाचं गाव आहे, डरवेंटवॉटर तलावाच्या काठी. तिथून आत गेलं की बॉरोडेल नावाचं खोरं लागतं. आपल्या भंडारदऱ्याची आठवण यावी असं, फक्त डोंगर बोडके आणि सगळीकडे मेंढ्या. या खोऱ्यात सीथवेट म्हणून एक वाडी आहे. इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण ते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरच्या मानाने कमीच, पण आपण महाबळेश्वरला ऑगस्टमध्ये तंबू ठोकत नाही! बाळगोपाळांसाठी आणखी एक सांगतो. तुमच्या पेन्सिलीत जे शिसं म्हणतात ना, ते शिसं नसतंच, ते ग्राफाइट असतं. तो ग्राफाइट सोळाव्या शतकात याच खोऱ्यात सापडला आणि त्यातून तिथे पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. केझिकला पेन्सिलीचं संग्रहालय आहे. नातीने तिथे दीड तास काढला. बाहेर पाऊस होता, त्यामुळे आम्हीही काढला.

आता बेल टेंट म्हणजे काय? बेल म्हणजे घंटा. देवळातली घंटा जमिनीवर ठेवली की जशी दिसेल तसा हा तंबू. मधोमध एकच खांब. वरून खाली उतरत गेलेलं गोल छप्पर, आणि खाली कंबरेपर्यंतही न येणारी छोटी उभी भिंत. सभोवार दोऱ्या, त्या खुंट्यांना ताणून बांधायच्या. दाराशी इंग्रजी ‘ए’सारखा एक छोटा खांब. बास, इतकंच. कापड जाड सुती कॅनव्हास, चौरस मीटरला २८५ ग्रॅम वजनाचं.

उभारायची पद्धत सोपी आहे. आधी खालचं जाड कापड गोल पसरायचं, कडेने खुंट्या मारायच्या, मग आत शिरून मधला खांब उभा करायचा. त्या क्षणी मांजर अंग ताणून उठतं तसा सगळा तंबू उठतो. मग दार, मग दोऱ्या. दोन माणसांना अर्धा तास पुरे. आम्हाला दीड तास लागला, कारण मार्गदर्शन मी करत होतो.

उभा राहिल्यावर मी काय केलं? टेप काढला. सवय जात नाही. आमच्या तंबूचा व्यास ५ मीटर. म्हणजे आतलं क्षेत्रफळ झालं सुमारे २११ चौरस फूट. मुलगा म्हणाला, “बघा बाबा, आपल्या जुन्या खोलीपेक्षा मोठा!” मी म्हटलं, थांब. मध्ये उंची ३ मीटर, पण कडेला पाऊण मीटर. माझी उंची पाच फूट सात इंच. मी ताठ उभा राहू शकतो तो फक्त मधल्या वर्तुळात, आणि ते भरलं ७० चौरस फूट. उलट बाहेर दोऱ्या पसरतात त्यासकट धरलं, तर व्यास होतो ८ मीटर, म्हणजे ५४० चौरस फूट. तेव्हा मंडळी, सुपर बिल्ट-अप ५४०, बिल्ट-अप २११ आणि कार्पेट ७०! आपल्या बिल्डरला आपण पंचवीस वर्षं उगाच नावं ठेवली. (हशा)

हा तंबू आजचा नाही. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचं युद्ध झालं. त्या युद्धाचे रॉजर फेंटन या छायाचित्रकाराने १८५५ साली काढलेले फोटो आहेत. त्यांत ब्रिटिश सैन्याच्या छावणीत हेच गोल तंबू रांगेने दिसतात. सैनिक पाय मधल्या खांबाकडे करून चाकाच्या आऱ्यांसारखे झोपायचे. तिकडे अमेरिकेत हेन्री सिब्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली अशाच शंकूच्या आकाराच्या तंबूचं पेटंट घेतलं. त्याला कल्पना सुचली ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या ‘टिपी’वरून. त्यात बारा जण झोपत आणि मध्ये शेगडी. हौस म्हणून तंबूत राहणं मात्र पुढे आलं. टॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक गृहस्थ, धंद्याने शिंपी. सायकलवर तंबू लादून भटकायचा. १९०१ साली तिकडे सायकलवाल्या कँपिंगकरांची संघटना निघाली ती त्याच्या पुढाकाराने, आणि १९०८ साली त्याने या विषयावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे शिंप्याने माणसांना घराबाहेर काढलं.

पण याच तंबूची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाच्या वेळी इंग्रजांनी बायका-मुलांना छावण्यांमध्ये डांबलं, ते अशाच तंबूंत. एमिली हॉबहाउस नावाची इंग्रज बाई १९०१ साली ब्लूमफाँटेनची छावणी बघायला गेली. एकेरी कापडातून तापणारं ऊन आणि आत गुदमरणारी माणसं, हे तिने आपल्याच देशाला ठणकावून सांगितलं. तेव्हा तंबू तोच असला, तरी तीन रात्रींची हौस वेगळी आणि नाइलाज वेगळा. आपल्याकडे पाल ठोकून राहणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाबा, कँपिंग कसं चाललंय?

आता विषयावर येतो. आधी फायदे.

पहिला फायदा म्हणजे उभं राहता येतं. घुमटासारखे जे छोटे नायलॉनचे तंबू पवनेच्या धरणाकाठी दिसतात, त्यांत माणूस रांगत जातो, रांगत बाहेर येतो. आमच्या वयाला बेल टेंटमध्ये विजार तरी उभ्याने चढवता येते.

दुसरा फायदा कापडाचा. सुती कॅनव्हास हवा जाऊ देतो. नायलॉनच्या तंबूत रात्री आपल्याच श्वासाचं पाणी आतून जमतं आणि पहाटे अंगावर ठिबकतं, ते इथे फार कमी. उन्हातही आत भट्टी होत नाही, वरचं झरोकं आणि दार उघडं ठेवलं तर. आणि आतला उजेड! सकाळी सहाला दुधी, मऊ उजेड सगळीकडून सारखा. नात म्हणाली, “आजोबा, आपण अंड्यात आहोत.”

तिसरा, आकार. गोल असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याला सपाट भिंत सापडत नाही. दोऱ्या सगळीकडून सारख्या ताणलेल्या असल्या, तर तंबू भक्कम उभा राहतो. ‘असल्या तर’ हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथा फायदा शेवटी सांगेन.

आता तोटे. यादी मोठी आहे.

एक, वजन. तीस-पस्तीस किलो. आपली तांदळाची गोणी डिकीत टाकावी तसं. गाडी असेल तरच, आणि गाडीपासून जागा जवळ असेल तरच.

दोन, जागा. आठ मीटरचं सपाट वर्तुळ हवं. कित्येक ठिकाणी तेवढी जागा एका तंबूला देत नाहीत, किंवा जादा पैसे मागतात. आधी फोन करून विचारावं लागतं.

तीन, मधला खांब. जिथे पाय पसरायचे तिथे नेमका तो. रात्री पहिल्यांदा उठलो तेव्हा त्याला कपाळ आपटलं. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा आठवणीने त्याला टाळलं आणि बाहेर दोरीला पाय अडकून पालथा पडलो. दोऱ्यांना पांढरी फडकी किंवा छोटे सौर दिवे लावावेत, हे मला तिसऱ्या रात्री सुचलं. शौचालय दीडशे पावलांवर. आमच्या वयात रात्रीतून दोन-तीनदा. प्रत्येक वेळी दाराची चेन ‘झर्रर्र’ करून सगळ्यांना हजेरी देते. ज्येष्ठांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

चार, पाणी. नवा सुती तंबू पहिल्यांदा घरीच भिजवून वाळवावा लागतो. सूत फुगतं, शिलाईची भोकं बुजतात, मग तो गळत नाही. आणि पाऊस पडत असताना आतून कापडाला हात किंवा अंथरूण टेकलं, की तिथून पाणी झिरपायला लागतं. हे मला कोणी सांगितलं? मुलाने नाही. हिने! ही एका वर्षी वारीला गेली होती. दिंडीच्या राहुटीत झोपलेली बाई ती. पहिल्या सरीला मी कापडाला बोट लावायला गेलो तर ही म्हणाली, “हात नका लावू, गळेल.” मुलगा मोबाइलवर तेच शोधत होता.

पाच आणि सगळ्यात मोठा तोटा, वाळवणं. ओला कॅनव्हास घडी करून दोन दिवस ठेवला की काळे ठिपके येतात. बुरशी. एकदा आली की जात नाही. परतताना पाऊस असला, तर ओला तंबू घरी नेऊन परत पूर्ण पसरायचा. तिकडचं मागचं अंगण केवढं, तर आपल्या मीटर रूमएवढं. आम्ही अर्धा तंबू कुंपणावर आणि अर्धा जिन्याच्या कठड्यावर टाकून दोन दिवस वाळवला. तेव्हा तंबूला मेंटेनन्स नाही असं समजू नका. फक्त थकबाकीची नोटीस येत नाही, थेट बुरशी येते.

सहा, किंमत. चांगला सुती तंबू चारशे-पाचशे पौंडांपासून पुढे. वर्षातून तीन रात्रींसाठी घेण्यापेक्षा मित्राकडून आणावा. मित्र चांगला असावा आणि तंबू वाळवून परत द्यावा.

आता मी जे सांगायला खरा उभा राहिलो, ते सांगतो. हे खाली बाकावर सांगितलं नव्हतं.

दुसरी रात्र. ऑगस्ट असला तरी तिकडे रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत पारा उतरतो, त्यात दिवसभराचा पाऊस. बाहेर ताडपत्रीखाली मुलाने कोळशाच्या छोट्या शेगडीवर मक्याची कणसं भाजली होती. ॲल्युमिनियमचा ट्रे असतो, त्यात कोळसे, वापरून टाकून द्यायची ती शेगडी. जेवणं झाली. मुलगा आणि सूनबाई भांडी घासायला नळावर गेले. नात झोपली होती, हीसुद्धा तिच्याजवळ आडवी झाली होती. दोघीही थंडीने गोळा झालेल्या. कोळशावर राख धरली होती, धूर अजिबात नव्हता, ऊब मात्र छान येत होती. मला गावाकडची शेगडी आठवली. थंडीत आजी खोलीत शेगडी ठेवायची, आम्ही भोवती बसायचो. मी तो ट्रे फडक्याने धरून आत आणला, एका दगडी पाटीवर ठेवला, आणि पाऊस आत येतो म्हणून दाराची चेन पूर्ण लावून घेतली.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. मस्त ऊब आली. डोकं जरा जड वाटायला लागलं, मी म्हटलं झोप आली. तेवढ्यात नातीच्या उशाशी लटकवलेली एक पांढरी डबी ‘टी टी टी टी’ करायला लागली. मला वाटलं नातीचं खेळणं आहे. पोरीची झोपमोड होईल म्हणून मी चाचपडत त्याचं बटण दाबलं. मंडळी, मी ते बंद केलं. ते परत वाजलं. मी परत दाबलं.

सूनबाईने नळावरून तो आवाज ऐकला. ती धावत आली, चेन फाडल्यासारखी उघडली, एका हाताने नातीला उचललं, दुसऱ्या हाताने सासूबाईंना ओढलं आणि मला ओरडली, “बाबा, बाहेर या! आधी बाहेर या!” लग्नाला नऊ वर्षं झाली, तिने माझ्याशी आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मुलाने ट्रे बाहेर भिरकावला. आम्ही सगळे पावसात उभे.

आणि मी काय केलं असेल? मी रागावलो. “आम्ही काय जन्मात शेगडी बघितली नाही का? आम्ही काय मूर्ख आहोत का?” असं म्हणालो. सून काही बोलली नाही. ती नातीला छातीशी धरून थरथरत होती. मुलाने गाडीत नेऊन बसवलं आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो.

कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही आपली समजूत चूक आहे. राख धरलेल्या, विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघत राहतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, आणि जो झोपलेला असतो त्याला यातलं काहीच कळत नाही. तो झोपेतून उठतच नाही. आणि सुती कापड हवा जाऊ देतं हा जो फायदा मी मघाशी सांगितला, तो कापड ओलं झालं की उरत नाही, कारण फुगलेल्या सुताने छिद्रं बुजतात. ती पांढरी डबी म्हणजे या वायूचा अलार्म होता. तो ज्याने लटकवला त्याने आम्हाला वाचवलं, आणि तो मी दोनदा बंद केला.

मग गावच्या आजीची शेगडी? त्या घराला कौलं होती. कौलांच्या फटीतून चांदणं दिसायचं. हवा खेळती होती म्हणून आम्ही जगलो, शेगडी निरुपद्रवी होती म्हणून नाही.

त्या रात्री मी कोणाशी बोललो नाही. लाज वाटत होती आणि ती रागाखाली झाकत होतो. दीड-दोनच्या सुमाराला वारा सुटला. तंबूचं कापड फडफडायला लागलं. मुलगा उठला. मी जागाच होतो. तो म्हणाला, “बाबा, दोऱ्या सैल झाल्यात वाटतं.” मी म्हटलं, “चल.” दोघं रेनकोट घालून बाहेर. तो बॅटरी धरून, मी दोरी हाताने चाचपत. ओल्या जमिनीत चार खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. त्या तिरक्या करून परत ठोकल्या, समोरासमोरच्या दोऱ्या एकदम ताणल्या, म्हणजे खांब एका बाजूला कलत नाही. हे काम मला येत होतं. मी सांगत होतो, तो करत होता. बारा-तेरा वर्षांचा असताना गणपतीच्या मांडवाला तो माझ्याबरोबर असाच दोऱ्या बांधायचा. त्यानंतर बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, परदेश. फोनवर ‘तब्येत कशी, पैसे पोचले का’ यापलीकडे आम्ही बोलत नव्हतो. त्या अंधारात त्याला म्हटलं, “चुकलो रे. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर...” पुढे बोलता येईना. तो म्हणाला, “बाबा, तुम्हाला थंडी वाजत होती हे मला कळायला हवं होतं. मी एक जास्तीची रजई आणायला हवी होती.” बास. एवढंच बोललो. मग आत आलो.

सकाळी चहाच्या वेळी सूनबाईची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, “बाबा, मी ओरडले म्हणून तुम्ही पण माफ करा.” मी म्हटलं, “पुन्हा अशी वेळ आली तर याहून मोठ्यांदा ओरड.”

आता चौथा फायदा सांगतो. तंबूला खोल्या नसतात. गोल असल्यामुळे कोपराही नसतो, त्यामुळे रुसून बसायला जागा नाही. फ्लॅटमध्ये मी रागावलो असतो तर बेडरूममध्ये जाऊन दार लावलं असतं, तो आपल्या लॅपटॉपपाशी गेला असता, आणि ते तसंच राहिलं असतं, कदाचित कायमचं. आपण सगळे एका खोलीतून, चाळीतून इथे आलो. वन रूम किचन, मग टू बीएचके. प्रत्येकाला आपली खोली मिळाली, हे फार चांगलं झालं, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तिसऱ्या रात्री पाऊस थांबला, दार उघडं होतं, बाहेर मेंढ्या चरत होत्या, आणि आम्ही पाच जण पाय खांबाकडे करून चक्राकार झोपलो. नात एकेकाला प्रश्न विचारत होती. ही वारीतल्या गोष्टी सांगत होती, ज्या मी पण आधी ऐकल्या नव्हत्या. चाळीस वर्षांच्या संसारात!

मग तुम्ही बेल टेंटमध्ये जावं का? जावं. पण आपल्या हवेत ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच काळ. पावसाळ्यात सुती तंबू आपल्याकडे वाळणार नाही आणि उन्हाळ्यात दुपारी आत बसवणार नाही. स्वतः विकत घेऊ नका. आता आपल्याकडेही तंबूत राहायची सोय करणाऱ्या जागा पुष्कळ झाल्या आहेत, तिथे जा. जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. शौचालय किती पावलांवर? झोपायला खाट आहे की जमीन? आणि रात्री गार वाटलं तर पांघरूण किती देणार? ‘आत शेगडी देतो’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नका. तंबूत चूल नाही, शेगडी नाही, गॅस नाही, विझलेलीसुद्धा नाही. ऊब हवी तर पांघरूण, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी.

आणि शेवटचं. हे तंबूचं नाही, आपल्या इमारतीचं आहे. घरी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो. बाथरूममध्ये आमचा गॅस गिझर. अकरा वर्षं जुना. आणि खिडकी? कबुतरं येतात म्हणून मीच तिच्यावर ॲक्रिलिकची शीट सिलिकॉनने चिकटवून टाकलेली. दार बंद, खिडकी बंद, आत गॅस जळतोय. मी बादलीतलं पाणी तसंच ठेवलं आणि बाहेर आलो. मंडळी, माझ्या बाथरूमला बेल टेंटपेक्षा कमी हवा होती. आणि तिथे पांढरी डबीही नव्हती. त्या आठवड्यात तो गिझर काढून विजेचा बसवला आणि शीट काढून जाळी लावली.

माझी तुम्हाला विनंती आहे. ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे त्यांनी हात वर करा. लाजू नका, मी तर दोनदा अलार्म बंद केलेला माणूस आहे. (सुमारे निम्म्या प्रेक्षकांनी हात वर केले.) बघा. यातल्या किती जणांनी कबुतरांसाठी खिडकी बंद केली आहे, ते मी विचारत नाही. घरी गेल्यावर तुम्हीच बघा. गिझर बाहेरच्या ड्राय बाल्कनीत न्या, नाहीतर विजेचा घ्या, आणि तोपर्यंत निदान खिडकी उघडी ठेवून, आंघोळीआधी बादली भरून गिझर बंद करून मग आत जा. मुलं आत असली तर बाहेरून दोन हाका मारा. मी ओव्हरसियर होतो, पायऱ्या चढायची सवय आहे. येत्या रविवारपासून ज्यांना हवं त्यांच्याकडे येऊन मी स्वतः खिडकी बघून देईन. फी एक कप चहा.

मघाशी मुलांनी मला विचारलं, “आजोबा, आपण एक दिवस इथेच गच्चीवर तंबू ठोकू या का?” माझी तयारी आहे. फक्त सेक्रेटरीसाहेब, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच केलंय, खुंट्या ठोकता येणार नाहीत. दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या खांबांना बांधू. वाऱ्याने सैल झाल्या, तर रात्री उठून त्या ताणायला ए, बी आणि सी, तिन्ही विंगमधून एकेक बाप आणि एकेक मुलगा किंवा मुलगी जोडीने आली पाहिजे, एवढीच माझी अट.

दूध आलेलं दिसतंय. थांबतो. 

(भाषणानंतरच्या चार रविवारी वक्त्यांनी सोसायटीतील सव्वीस घरांतील बाथरूमची पाहणी केली. गच्चीवरील तंबूचा प्रस्ताव कमिटीच्या विचाराधीन आहे. – संपादक मंडळ)